चकरीवर नसलेलं नाव

दादा,

रविवारी तुझा जलदान विधी आहे आणि विहारात तुझ्याबद्दल मी बोलायचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. "वंदे, तुले बोलता येते, तूच बोल." येतं बोलता, हे खरं. माझ्या बोलण्याचंच तर सगळं रामायण झालं. रविवारी मी लोकांसमोर उभी राहीन, तू शिस्तीचा होतास, शाळेसाठी झटलास, सगळं नीट सांगेन. पण आधी तुझ्याशी बोलल्याशिवाय माझ्या तोंडातून त्यांच्यापुढे शब्द निघायचा नाही. आपलं भांडण अर्ध्यावर आहे आणि तू मधूनच उठून गेलास. ही कुठली रीत रे?

शाळेच्या मराठीत लिहिते आहे म्हणून हसू नकोस. वंदी चिडली की पुस्तकासारखी बोलते, असं तूच म्हणायचास. तर समज, चिडलेली आहे.

सोमवारी सकाळी मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं, असं वहिनी सोडून सगळं घर मला न बोलता सांगून राहिलं आहे. मंगळवारी तू गेलास. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून थकलेलं होतं. ते मी ऐकलं, समजलंही. तरी रात्रंदिवस एकच हिशोब डोक्यात फिरतो, सोमवार आणि मंगळवार. मी बोलले ते खोटं नव्हतं, हेच तर वाईट आहे. खोटं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते.

गोष्ट तुझ्या जपानी शाळेपासूनची. अकरा वर्षं तू त्या लांबच्या शहरात शिपाई होतास. कंपन्यांची जपानी माणसं तीन-चार वर्षांसाठी आपल्या देशात येतात आणि त्यांची लेकरं इथल्या शाळेत जात नाहीत. त्यांच्यासाठी तिकडची शाळा उचलून आणल्यासारखी इथं मांडलेली. पुस्तकं तिकडची, सर तिकडचे, दारात बूट ठेवायचे लाकडी खण, आत चालायला पांढरे बूट वेगळे. बापाची बदली झाली की लेकरू चाललं परत, त्याच्या जागी नवं. हे सगळं मला पाठ आहे, कारण दिवाळीत तू घरी आलास की तुझं दुसरं बोलणंच नसायचं. आई म्हणायची, "याले एक जपानी बायको करून द्या अन् मोकळे व्हा."

तुझी लाडकी गोष्ट पहिल्या दिवसाची. तू झाडू घेऊन वर्गात शिरलास आणि एका पिटुकल्या लेकरानं येऊन तो तुझ्या हातातून काढून घेतला. बोटानं भिंत दाखवली. भिंतीवर पुठ्ठ्याची चकरी. बाहेरच्या गोलावर कामं, आतल्या गोलावर नावं, मधोमध एक पिन. दर सोमवारी आतला गोल एक घर सरकायचा. कुणाला झाडू, कुणाला ओलं फडकं, कुणाला फळा, कुणाला संडास. "साहेबाचं पोट्टं संडास घासते, वंदे! सोताच्या हातानं! अन् वरून गानं लावते मास्तर!" हे सांगताना तुझे डोळे असे चमकायचे, की तूच त्यांना शिकवलं आहेस जणू.

मला राग यायचा. मनातल्या मनात म्हणायचे, त्यांना काय, त्यांना घासायची हौस असेल. आपल्या आजोबानं दीक्षा घेतली त्या वर्षी गावकीची सगळी कामं टाकली. गावानं बोडीच्या तळ्यावरचं पाणी बंद केलं, धानाच्या बांधीवरची मजुरी बंद केली, तरी माणूस हलला नाही. झाडू हातातून सोडवायला आपल्याला इतकी वर्षं लागली. मग साहेबाच्या पोरानं तो हातात घेतला तर त्याचं कौतुक मी काय म्हणून करावं? पण तू वर्षातून एकदा यायचास, म्हणून गप बसायचे. मी आणि गप, विचार कर.

मग मी आणि आई तुझ्याकडे आलो होतो ना, माझी प्रज्ञा दोन वर्षांची असताना. नवऱ्याचं घर सोडून मी नुकतीच माहेरी आले होते आणि तू म्हणालास, चार दिवस इकडे या, जीव हलका होईल. तू आम्हाला शाळा दाखवलीस. ती लेकरं ओळीनं उभी राहून आईपुढे वाकली. "अशोक-सानची आई" म्हणून, सान म्हणजे आपलं राव. आईनं पदर तोंडात धरला, तिला हसू आलं का रडू, तिचं तिलाच कळलं नाही. अड्याळच्या बाजारात भाजी घेतानासुद्धा ती पुढं दोन वर्षं हेच सांगत होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तू म्हणालास, गेटपाशी बसा, मी कुलपं लावून येतो. बस गेल्या. आई बाकावर बसून पेंगायला लागली. प्रज्ञाला कडेवर घेऊन मी इकडे-तिकडे फिरत होते आणि खिडकीतून मला तू दिसलास. लेकरांनी झाडलेला वर्ग तू पुन्हा झाडत होतास. एका टोकापासून. मग फडकं घेतलंस. मग बादली घेऊन त्या बाजूला गेलास, जिकडे संडास होते. मी मागं सरले. तू आलास तेव्हा हात धुतलेले, केस विंचरलेले, आणि पुन्हा तीच गोष्ट सुरू, "इथं शिपायाले झाडू धराच नाई लागत वो आई."

मी तुला कधी सांगितलं नाही की मी पाहिलं. आठ वर्षं पोटात ठेवलं. वाटलं, भाऊ गोष्टीचा बरा तेवढा भाग सांगतो, सांगू दे. कुणाचं काय जातं?

गेल्या वर्षी तू नोकरी सोडून कायमचा आलास. निरोपाला त्या लेकरांनी तुला त्यांची जुनी चकरी दिली होती. दुसरं कुणी असतं तर पेटीत ठेवून दिली असती. तू पेटी उघडलीस ती थेट शाळेसाठी. तुझा संकेत चौथीत, म्हणून तू शाळा व्यवस्थापन समितीत आलास, आणि अध्यक्षही झालास. मी सदस्य होतेच, माझी अंगणवाडी त्याच आवारात. जुलैमध्ये तू ती चकरी पाचवीच्या वर्गात टांगलीस. जपानी नावांवर आपल्या लेकरांची नावं डकवलीस. अकरा लेकरं, बारा घरं.

"हे एक रिकामं कायले?" मी विचारलं.

"नव्या पोट्ट्यासाठी. तिकडे एक घर रिकामंच ठेवत. कोन कधी येईन, का सांगावं?"

आपल्या गावात नवं कोण येतं रे दादा? पण तू ते घर रिकामं ठेवलंस.

पहिले दोन आठवडे सगळ्यांना मजा वाटली. शाळेच्या मॅडमनी फोटो काढले. तू कुठूनसं गाणं आणून मोबाईलवर लावायचास आणि लेकरं ओल्या फडक्यांवर हात टेकून वर्गभर धावायची. नामदेवभाऊसुद्धा पाहायला आले होते. शाळेत तुझ्याच बाकावर बसणारे नामदेवभाऊ. त्यांची पूनम आणि माझी प्रज्ञा, दोघी पाचवीत, एका डब्यात खाणाऱ्या. ते हसून म्हणाले, "अशोक, पोट्ट्यायले तं तू मिल्ट्रीत भरती करून राहिला बे."

तिसऱ्या आठवड्यात चकरी सरकली आणि संडासाच्या घरात पूनमचं नाव आलं. सोमवारी पूनम आली नाही. पोट दुखत होतं म्हणे. आठवडाभर दुखलं. पुढच्या सोमवारी, दुसऱ्याच्या नावाखाली संडास आला आणि पूनम टुणटुणीत. त्या दुसऱ्याला मामाच्या गावी जायचं निघालं. मग एकाला धान रोवण्याचं काम निघालं, एकाला ताप. चकरी बिचारी प्रामाणिक, ती सरकतच होती. पण जो आला नाही त्याचं काम, जो आला त्यानं करायचं, असं तूच सांगितलं होतंस. आणि रोज कोण येत होतं? आपल्या वस्तीची चार लेकरं. प्रज्ञानं एका महिन्यात तीन आठवडे संडास धुतला. तिच्या हाताला फिनाईलचा वास यायचा. भाकरी खाताना ती हात हुंगायची, मला दिसायचं.

मी तुझ्या अंगणात येऊन उभी राहिले. आठवतं ना?

"दादा, चकरी काढ."

"काहून? चकरी सगळ्याले सारखी आहे."

"चकरी सारखी आहे रे बाप्पा, गाव सारखं नाई! तुले दिसत नाई का कोन राहून राहिलं अन् कोन पळून राहिलं?"

"दमानं घे. सवय लागाले वेळ लागते. तिकडे बी..."

"तिकडचं मले सांगू नको!"

तेव्हा मी थांबले. जिभेवर आलेलं गिळलं. वहिनीनं चहा आणला, आपण प्यायलो. पण तुझ्या मनाला ते लागलं असावं. पुढच्या आठवड्यापासून प्रज्ञा म्हणायला लागली, "मामा म्हने संडासाचं राहू दे." आणि संडास मात्र रोज सकाळी स्वच्छ. मला वाटलं, पंचायतीनं कुणी माणूस लावला असेल. मला बरं वाटलं होतं रे.

तो सोमवार. गरोदर बायांचा आहार द्यायचा होता म्हणून मी अंगणवाडीत लवकर गेले. शाळेचं आवार रिकामं. मुलींच्या संडासातून खराट्याचा आवाज. मी दार ढकललं. आत तू. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात खराटा, बाजूला बादली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष.

तू चोरी पकडल्यासारखा हसलास. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "अस्सं. तिकडे बी हेच करत होता ना? लेकरं गेल्यावर? मी पाहिलं होतं तुले, दादा. आईले का सांगे तू? शिपायाले झाडू धराच नाई लागत! एक सांग. त्या चकरीवर साऱ्यायचे नावं होते. तुयं होतं का? सगळ्यायची बारी बदले, तुयी कधी बदलली?"

खराटा भिंतीला टेकवलास, सरळ उभा, पडणार नाही असा नीट. पँट खाली केलीस. आणि माझ्या बाजूनं निघून गेलास. जाताना म्हणालास, "शनिवारी मीटिंगमंदी सांगतो." बस. दुपारी मी समितीला अर्ज दिला. चकरी काढावी, मुलांकडून संडास साफ करवून घेऊ नये, खाली सही. तो अर्ज मॅडमनी तुझ्याच हातात दिला, अध्यक्ष म्हणून. शनिवारचा पहिला विषय.

शनिवारी तू काय सांगणार होतास?

तुझ्या मातीला गाव लोटलं. पहिला ट्रॅक्टर आला तो नामदेवभाऊंचा, लाकडं भरून. ते लहान पोरासारखे रडत होते. मी पाहत होते आणि माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? ह्या माणसानं तुझ्यासाठी ट्रॅक्टरभर लाकडं आणली, पण संडासाच्या बारीला पोरगी पाठवली नाही. दोन्ही खरं. मला दोन्ही एकाच मनात ठेवता येईना.

मॅडम म्हणाल्या, मीटिंग पुढं ढकलू, घरात दुःख आहे. मी म्हटलं, नको. शुक्रवारी नामदेवभाऊ आणि आणखी दोघं घरी आले. त्यांचा विचार असा की माझा अर्ज मागं घ्यायचीही गरज नाही, भांडणही नको. चकरी भिंतीवरून काढून काचेच्या फ्रेममध्ये बसवायची, वर तुझा फोटो, फुलांचा हार, आणि ऑफिसात लावायची. "अशोकची आठवन राहीन." सगळ्यांचे चेहरे किती मोकळे झाले होते. तुझी चकरी एकदाची फिरायची थांबणार होती, आणि तीही मानानं. वहिनीसुद्धा हो म्हणणार होती. मला हवं होतं तेच होत होतं, दादा. चकरी निघत होती. मग मला काय टोचत होतं?

ते गेल्यावर वहिनी माझ्याजवळ बसली. चार दिवसांत पहिल्यांदा सलग बोलली.

"सोमवारी तुमी बोलल्या ते मले मालूम आहे. त्यायनंच सांगतलं. म्हने, वंदीनं बी पकडलं मले."

"बी?"

मग तिनं ती गोष्ट सांगितली, जी तू अकरा दिवाळ्यांत कुणाला सांगितली नव्हतीस. तिकडे एका पोरीला संशय आला होता. संध्याकाळी आपण सोडतो त्याहून सकाळी वर्ग स्वच्छ कसा? तिनं कोपऱ्यात खोडरबराचा चुरा मुद्दाम ठेवला. सकाळी चुरा नाही. तिनं बाईंना सांगितलं, वर्गाची सभा भरली, आणि तुला बोलावलं. तू गेलास, वाटलं, शाबासकी आहे. ती पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "अशोक-सान, आमचं काम बरोबर नसतं का? नसेल तर सांगा. आमच्या मागून करू नका." आणि रडायला लागली. त्या दिवसापासून त्यांचा तेवढा वर्ग तू झाडला नाहीस. कोपऱ्यात धूळ राहिली तर राहिली. दुसऱ्या दिवशी ती त्यांनाच दिसायची, त्यांनाच काढावी लागायची.

"मी म्हटलं," वहिनी म्हणाली, "मंग इथं काहून करून राहिले होते तुमी? तं म्हने, सवय आहे वो, घान पाहवत नाई. अन् घाई झाली मले. वाटे, चकरी बंद नाई पडली पायजे. अन् प्रज्ञाचे हात दिसत."

मी उठून मागं परसात गेले आणि चांगली हमसून हमसून रडले. तू गेलास तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. प्रज्ञाचे हात तुलाही दिसत होते तर. मला वाटायचं, ते मलाच दिसतात. आणि चूक मला तेव्हा दिसली, तुझी, खास तुझीच. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या मागून झाडलेला माणूसच अशी चूक करेल. जे आले नाहीत त्यांची घाण तू रोज सकाळी पुसून टाकलीस, म्हणून न येणं त्यांना सोपं झालं. तुझ्यामुळेच, दादा. आता तू नाहीस म्हणून हे मी गोड करून सांगणार नाही.

शनिवारी मी मीटिंगला गेले. तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती, त्यावर शाल. मॅडमनी श्रद्धांजली वाचली. मग फ्रेमचा विषय. नामदेवभाऊ म्हणाले, खर्च माझ्याकडून. सगळे माना हलवायला लागले.

मी उभी राहिले. म्हटलं, "चकरी भिंतीवरच राहीन. हार नाई, फोटो नाई. अन् माया अर्ज मी वापस घेतो, पर चकरीचं एक कलम बदलून. जो बारीले आला नाई, त्याची बारी जात नाई. त्याचं नाव तिथंच थांबीन. तो येईपर्यंत चकरी सरकनार नाई, अन् त्याचं काम दुसरं कोनी करनार नाई."

"अन् तोवर?" नामदेवभाऊ म्हणाले. "संडास तसाच?"

"तसाच."

"घान होईन ना वो ताई. लेकरं आजारी पडतीन."

"कुलूप लावू. लेकरं बोडीकडे जातीन. तुमची बी जाईन, माही बी जाईन. अशोकदादा होता तोवर कोनाले दिसलं नाई. आता दिसू द्या."

कुणी कुणाकडे पाहिना. मग नामदेवभाऊ हळू आवाजात म्हणाले, "घरी बुढी आहे वो मायी. पोरगी संडास धुते कळलं तं चुलीपाशी येऊ नाई देनार तिले." ते खोटं बोलत नव्हते. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. म्हटलं, "भाऊ, माया पोरीनं तीन आठवडे धुऊन तुमच्या पूनमच्या डब्यातली भाकर खाल्ली. पूनम तं आजारी नाई पडली." ठराव झाला. खूश होऊन झाला असं नाही. मेलेल्या माणसाच्या बहिणीला नाही कसं म्हणायचं, म्हणून झाला. तुझं मरण मी वापरलं, दादा. माफ कर किंवा नको करूस.

सोमवारी चकरीचा फेरा पुरा होऊन पुन्हा नाव आलं पूनमचं. पूनम आली नाही.

मंगळवारी कुलूप. मुली बोडीकडे निघाल्या, मॅडमही अस्वस्थ, माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "वंदनाताई, एखादा दिवस आपणच..." मी नाही म्हटलं. बुधवारी वास अंगणवाडीपर्यंत आला. माझी तीन-चार वर्षांची बाळं नाक दाबून हसत होती. दुपारी सगळे गेल्यावर मी काय केलं माहीत आहे? तोच खराटा, तू भिंतीला टेकवलेला आणि कुलूप लावताना मी बाहेर काढून ठेवलेला, तो मी उचलला. बादली भरली. कुलपाची किल्ली माझ्याकडेच होती. दारापर्यंत गेले. हात असे शिवशिवत होते, की दहा मिनिटांचं काम, कुणाला कळणार आहे? आणि किल्ली कुलपात घातली तेव्हा तू मला समजलास. लहानपणापासूनचा सगळा समजलास. आपल्या घरातलं माणूस घाण पाहून उभं राहू शकत नाही, आपल्याला तसं घडवलंय कितीक पिढ्यांनी. तुला दोष देत होते मी! मी खराटा ठेवला. बादलीतलं पाणी सदाफुलीला घातलं. घरी येईपर्यंत लाज वाटत होती, काही न केल्याची. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलं नाही.

आज गुरुवार. आज सकाळी गेटपाशी नामदेवभाऊंची मोटरसायकल थांबली. मागे पूनम, मांडीवर प्लास्टिकची बादली, हातात नवा खराटा. भाऊ आत आले नाहीत. गेटच्या बाहेरच, मोटरसायकल चालूच ठेवून, दुसरीकडे बघत राहिले. पूनम सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, किल्ली." इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, आत जाताच तिला उमासा आला. प्रज्ञा धावली तशी मी तिचा दंड धरला. "आई, मी फक्त पानी देतो तिले." म्हटलं, नाही. तिला एकटीला करू दे. प्रज्ञा माझ्यावर इतकी चिडली, की पाय आपटत नळापाशी जाऊन बसली. पूनमनं पुष्कळ वेळ घेतला. कोपरे राहिले. मी पाहिले ते कोपरे, दादा, आणि तसेच ठेवले.

मोटरसायकलचा आवाज कधी बंद झाला कळलं नाही. पाहिलं तर नामदेवभाऊ आवारात येऊन नळावर पोरीच्या हातावर पाणी ओतत होते. साबण प्रज्ञानं दिला. घरी बुढीला ते काय सांगणार, मी विचारलं नाही. दुसऱ्या मुली उद्या येतील का, तेही मला माहीत नाही.

मग, सोमवार नसला तरी, वर्गात अडलेली चकरी सरकवायची वेळ आली. आतला गोल एक घर फिरला. पूनम हात पुसत तिथंच उभी होती. तिनं ते बारावं घर पाहिलं.

"मावशी, हे रिकामं आहे. इथं अशोककाकाचं नाव लावू का? आमी सगळ्यायनं ठरवलं आहे."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. प्रज्ञानं तर कागदही कापून ठेवला होता, तुझं नाव स्केचपेननं लिहिलेलं, भोवती फुलं. त्या सोमवारी मी तुला काय विचारलं होतं? त्या चकरीवर तुझं नाव होतं का? आता ते लागणार होतं. मी एक क्षण हो म्हणणार होते.

"नको बेटा," मी म्हटलं. "ते घर नव्या पोट्ट्याचं आहे, काकानंच ठेवलं."

"मंग काकाचं?"

कागद मी प्रज्ञाकडून घेतला. तो आता माझ्या पुढ्यात आहे, रविवारी तुझ्या फोटोपाशी ठेवीन. शनिवारी तू काय सांगणार होतास ते मला कधीच कळणार नाही. माझं मात्र एवढंच सांगायचं राहिलं होतं, जे पूनमला सांगितलं तेच. अकरा वर्षं आणि वर हे एक, रोज त्याचीच बारी होती बाई, त्याची बारी झाली.

झाली दादा. खराटा ठेव आता खाली.